धुराचे गुण

बीअरला गुण देणं सोपं आहे. घोट घ्यायचा, मोबाइल काढायचा, पाचांपैकी काही तारे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण हे तारे नेमके कशाचे, असं विचारलं की माणूस घुटमळतो. चव आवडली म्हणून दिले? बनवणाऱ्याला जे साधायचं होतं ते साधलं म्हणून दिले? की रोजच्या सवयीच्या बीअरशी ही बऱ्यापैकी जुळली म्हणून? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माझं म्हणणं एवढंच की गुण देण्याआधी आपण कुठल्या मापाने मोजतो आहोत ते ठरवावं. माप न ठरवता दिलेला गुण बीअरबद्दल थोडं आणि देणाऱ्याबद्दल पुष्कळ सांगतो.

हे पटवायला बाम्बेर्गसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. न्यूर्नबर्गच्या उत्तरेला, रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येईल असं हे बव्हेरियातलं जुनं गाव. १९९३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. एर्लांगेन-न्यूर्नबर्ग पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला ते सुटीच्या दिवशी सहज जाऊन येण्यासारखं. कॅथेड्रलच्या टेकडीखाली डोमिनिकानर रस्त्यावर श्लेंकर्ला नावाचा पब आहे. त्या घराचा पहिला लेखी उल्लेख १४०५ सालचा. आज तिथे एकाच घराण्याची सहावी पिढी बीअर बनवते, आणि तिची ओळख म्हणजे धूर.

बीअरसाठी जव भिजवतात, त्यांना मोड आणतात आणि मग भट्टीवर वाळवतात. याला मॉल्ट म्हणतात. श्लेंकर्लाच्या भट्टीत बीच झाडाची लाकडं जळतात आणि त्यांचा धूर थेट ओल्या दाण्यांमधून वर जातो. लाकडातल्या लिग्निनपासून तयार झालेली ग्वायाकॉलसारखी संयुगं दाण्याला चिकटतात आणि पुढे उकळणं, आंबवणं, मुरवणं हे सगळं पार करून पेल्यापर्यंत येतात.

तो पेला समोर आला की आधी दिसतो गडद तपकिरी, उजेडात धरल्यावर माणकासारखा लालसर चमकणारा रंग आणि वर पिवळट पांढरा दाट फेस. लाकडी पिंपाची तोटी सोडून भरलेली ही मेर्त्सन नावाची बीअर, अर्धा लिटर. अल्कोहोल ५.१ टक्के, म्हणजे ताकदीच्या दृष्टीने साधीच. मग पेला नाकाशी येतो आणि नवखा माणूस थबकतो. युरोपातल्या माणसाला धुरावलेलं डुकराचं मांस आठवतं. आपल्याला थेट निखाऱ्यावर भाजून सोललेलं वांगं आठवतं. भरितात जो धूर आपण मुद्दाम आणतो, तोच दुधाला लागला की दूध नासल्यासारखं तोंड करून बाजूला ठेवतो. धूर तोच, जीभ तीच. बदलतं ते एवढंच, की इथे धूर असायला हवा होता की नको होता.

हीच गोष्ट बीअरच्या परीक्षकांनी नियमात बसवली आहे. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची गुणपत्रिका ५० गुणांची असते. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण परिणामाला १०. पण पत्रिकेवर आकडा पडण्याआधी बीअर कुठल्या प्रकारात उतरली आहे ते लिहावं लागतं. त्यांच्या प्रकारांच्या यादीत ६-अ म्हणजे मेर्त्सन आणि लगेच खाली ६-ब म्हणजे राउखबिअर, धुराची बीअर. ६-ब म्हणजे ढोबळमानाने ६-अ अधिक धूर. श्लेंकर्लाचा हाच पेला ६-ब म्हणून ठेवला तर तो त्या प्रकाराचा नमुना ठरतो, यादीत त्याचं नावच उदाहरण म्हणून दिलं आहे. ६-अ म्हणून ठेवला तर परीक्षक वासाच्या रकान्यात पहिलं वाक्य ‘धुराचा दोष’ असं लिहील, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. पेला एक, परीक्षक एक, तरी गुण दोन.

आता कोणी म्हणेल, की हे नियम म्हणजे काही ईश्वरी आज्ञा नव्हे. अगदी बरोबर, आणि धुराचा इतिहास नेमकं तेच सांगतो. एके काळी युरोपात बहुतेक ठिकाणी मॉल्ट उघड्या आगीवर वाळवत, त्यामुळे कमीअधिक धूर बहुतेकांच्या बीअरमध्ये असे. तो गुणही नव्हता आणि दोषही नव्हता, बीअरची चवच तशी होती. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मॉल्ट वाळवायला कोक वापरू लागले, पुढे नुसत्या गरम हवेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या आणि दाण्यांचा धुराशी संबंध सुटला. १८४२ साली पिल्सेनमध्ये योसेफ ग्रोलने फिकट सोनेरी लागर बनवली, आणि हळूहळू जगाच्या डोळ्यांपुढे बीअर म्हटलं की तोच रंग आणि तीच स्वच्छ चव उभी राहू लागली. नवी भट्टी घेणं सोयीचं आणि किफायतीचं होतं, म्हणून एकेका गावातून धूर गेला. बाम्बेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्यांनी मात्र तो सोडला नाही. ते होते तिथेच राहिले, माप त्यांच्यापासून दूर सरकलं. आज त्यांना ‘विचित्र चव’ म्हणून दोन तारे देणारा माणूस दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रुळलेल्या सवयीच्या वतीने गुण देत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

मापाचा दुसरा भाग वेळेचा आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याला सरावतं. मेर्त्सनच्या पहिल्या घोटाला धुराशिवाय काही कळतच नाही. पेला अर्ध्यावर येईतो धूर मागे सरतो आणि खालचं मॉल्ट वर येतं. पावाच्या खरपूस कडेसारखी गोडी आणि कोरडा, जरा कडवट शेवट. पहिल्या पेल्यावरून निकाल देऊ नका, असं तिथे नव्या माणसाला सांगतात, ते या अनुभवातूनच. म्हणजे चाखण्यापुरत्या दोन घोटांवर दिलेला गुण हा बसलेल्या धक्क्याचा गुण असतो. अर्धा लिटर पिण्यासाठी बनवलेली गोष्ट दोन घोटांत मोजणं हे माप चुकीचं घेणंच आहे.

या एका घरच्या बीअर शेजारीशेजारी ठेवल्या की हे आणखी नीट कळतं. सुरुवात हेलेसपासून करावी. ही फिकट लागर, ४.३ टक्क्यांची. तिच्यात धुरावलेलं मॉल्ट घालतच नाहीत, पण ती त्याच भांड्यांत उकळते आणि त्याच यीस्टवर आंबते, म्हणून शेवटी एक पुसटसा धूर राहतोच. मग वाइत्सन. तिच्यातल्या जवाच्या मॉल्टला धूर आहे, गव्हाच्या मॉल्टला नाही, त्यामुळे धूर आणि गव्हाचा मऊपणा एकमेकांना सांभाळून घेतात. त्यानंतर मेर्त्सन. पुढे शरद ऋतूत येणारी उरबॉक, साडेसहा टक्क्यांची, जिच्यात धूरही वाढलेला आणि त्याला पेलणारी गोडीही वाढलेली. नाताळच्या सुमारास आइशे मिळते, आठ टक्क्यांची. तिच्या मॉल्टला ओकच्या लाकडाचा धूर असतो, बीचपेक्षा सौम्य. या क्रमाने गेल्यावर ‘धूर आहे की नाही’ हा प्रश्नच मागे पडतो आणि ‘किती आहे, कशाच्या आधाराने आहे’ हा प्रश्न पुढे येतो. गुण देण्यासारखा प्रश्न हा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. प्रत्येक बीअर तिच्याच मापाने मोजायची तर मग सगळ्याच पास होतील की! तसं होत नाही. स्वतःचं माप हे उलट कडक असतं. धुराच्या बीअरमध्ये राखेसारखा तुरट, घशाला खरवडणारा किंवा जळक्या रबरासारखा वास आला तर तो दोषच, आणि ६-बचा परीक्षक त्याचे गुण कापतो. धुराखाली मॉल्टच नसेल, बीअर पाणचट असेल, तरी गुण जातात. ज्याला धूरच नको आहे त्याला चांगल्या आणि सदोष धुरातला फरक कळणारच नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही सारखेच नापास. कारागिराचं खरं काम पकडतं ते आतलंच माप.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पैसे मी मोजतो, मग माझ्या आवडीला काही किंमत आहे की नाही? आहे, पूर्ण आहे. फक्त तिचा रकाना वेगळा हवा. अनटॅप्डसारख्या अ‍ॅपवर पाव-पाव ताऱ्याने पाचपर्यंत जाता येतं, पण आवड आणि कारागिरी दोन्ही त्या एकाच आकड्यात जातात आणि मग सरासरी काढली जाते. धुराची बीअर या सरासरीत नेहमीच मार खाते. निम्मे लोक तिच्यावर जीव टाकतात, निम्मे तोंड फिरवतात, आणि मधला आकडा त्यांच्यापैकी कोणाचंच मत सांगत नाही.

पुण्यामुंबईच्या वाचकाला हे सगळं दूरच्या गावचं वाटेल, पण हा प्रसंग त्याच्या टेबलावर नेहमी येतो. २००९ साली डूलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, त्यानंतर महाराष्ट्रात अशा जागा वाढत गेल्या आणि हेफेवाइत्सन ही गव्हाची बीअर बहुतेकांच्या यादीत आली. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. ‘इसेन्स घातलाय वाटतं,’ असं कोणीतरी म्हणतंच. इसेन्स कसला, ते त्या जातीच्या यीस्टचं काम. केळं आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेटचं, लवंग फोर-व्हायनिल ग्वायाकॉलची, म्हणजे बाम्बेर्गच्या धुराच्या भावकीतलीच. हीच लवंग पिल्सनरमध्ये आली तर मात्र ओळखावं, की कुठलं तरी भलतं यीस्ट शिरलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी छोट्या पेल्यांचा ट्रे समोर येईल तेव्हा वेटरला आधी विचारा, यातली कुठली कुठल्या प्रकारची आहे. मग वहीत दोन रकाने आखा. पहिला ‘जमली का’, दुसरा ‘आवडली का’. पहिला रकाना पेला अर्धा होईपर्यंत भरू नका, दुसरा मनाला येईल तसा भरा. माझ्या वहीत श्लेंकर्लाच्या मेर्त्सनला पहिल्या रकान्यात ५० पैकी ४४ आहेत आणि दुसऱ्यात पाचांपैकी चार. हेलेसला पहिल्यात ३९ आणि दुसऱ्यात साडेचार. या दोन आकड्यांची बेरीज करायच्या फंदात मात्र पडू नये.