‘स्वाध्याया’तला ‘स्व’

स्वाध्याय म्हणजे स्वतः केलेला अभ्यास, असा अर्थ आज कुणीही सांगेल. वैदिक काळात या शब्दातला ‘स्व’ अभ्यास करणाऱ्या एकट्या माणसापेक्षा त्याच्या घराण्याशी बांधलेला होता. ‘अधि’ या उपसर्गापुढे ‘इ’ म्हणजे जाणे हा धातू आला, की शिकणे असा अर्थ होतो. त्यातून अध्याय, आणि स्वाध्याय म्हणजे आपल्या वाट्याचा अध्याय, आपल्या कुळात चालत आलेली वेदशाखा. ऋग्वेदी घरात शाकल, कोकणातल्या हिरण्यकेशी घरात तैत्तिरीय. निवडीचा प्रश्नच नव्हता.

पण या वारशावर त्या लोकांनी किती जीव लावला! सूर्य चालतो, पाणी वाहते, तसाच रोजचा पाठ चालला पाहिजे, असे शतपथ ब्राह्मण मानते. मऊ अंथरुणावर पडून कुणी पाठ म्हटला, तरी तो नखाच्या टोकापर्यंत तप करतो, असेही त्यात म्हटले आहे. तैत्तिरीय आरण्यक सांगते की घरांची छपरे दिसेनाशी होतील इतके गावाबाहेर जावे, दर्भावर बसावे आणि म्हणावे. ते जमत नसेल तर गावातच, मनातल्या मनात. ही सवलत मला फार मोलाची वाटते. नियम करणाऱ्यांना पाठ तुटू द्यायचा नव्हता.

पाठ टिकला, अर्थाचे काय? अर्थ न कळता वेद म्हणणारा नुसता ओझे वाहणारा खांब आहे, असे यास्कांच्या निरुक्तात सुनावले आहे. पुढे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, हाच प्रश्न धरला: स्वाध्याय करावा, ही वेदाची आज्ञा अक्षरे घोकल्याने पुरी होते का? शबर आणि कुमारिल यांच्या परंपरेने कौल दिला तो अर्थज्ञानाच्या बाजूने. या शब्दाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा, असे माझे मत आहे. अर्थ समजून घ्यायचा म्हटले की विचार आला, आणि विचार वारशाने मिळत नाही.

पतंजलींनी योगसूत्रांत स्वाध्यायाला तप आणि ईश्वरप्रणिधान यांच्याबरोबर क्रियायोगात बसवले. योगवर्गांत हल्ली त्याचा अर्थ आत्मपरीक्षण असा सांगतात. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात मात्र ओंकारादी मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्रांचे अध्ययन, एवढेच आहे. जैन परंपरेने स्वाध्याय आभ्यंतर तपात घेतला आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. त्यात वाचना आहे, चिंतन आहे, आणि पृच्छना, म्हणजे शंका विचारणे, हीसुद्धा आहे. प्रश्न विचारणे हे तप! याहून मोठा मान प्रश्नाला क्वचितच कुणी दिला असेल.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. वेदाच्या स्वाध्यायातून स्त्रिया आणि शूद्र यांना धर्मशास्त्रांनी बाहेर ठेवले. ‘आपला अध्याय’ म्हणायला बहुसंख्य लोकांना अध्यायच नव्हता. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वाध्याय वाणीच्या तपात येतो. तिथे ज्ञानेश्वर आधी तिन्ही वेदांचे नाव घेतात आणि लगेच पुढे म्हणतात, की शैव असो वा वैष्णव, एखादे नाव वाचेत वसले तरी ते वाणीचे तपच. एका ओवीत दार उघडले. वारकऱ्याचे नामस्मरण वेदपठणाच्या पंक्तीला बसले, तेही मराठीत.

विसाव्या शतकात श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी औंधला स्वाध्याय मंडळ काढले. ते पुढे गुजरातेत पारडीला गेले. छापलेल्या संहिता आणि भाषांतरे यांच्यामुळे वेद विकत घेता येऊ लागला. शाखा आणि जन्म मागे पडले. रोह्याच्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी तोच शब्द किनाऱ्यावरच्या मच्छीमारांपर्यंत आणि शेतकऱ्यांपर्यंत नेला. त्यांच्याकडे स्वाध्याय म्हणजे गीता ऐकणे आणि ती घेऊन दुसऱ्याच्या घरी जाणे.

आणि शाळेच्या पुस्तकात धड्याखाली ‘स्वाध्याय’ असे छापलेले असते. खाली प्रश्न असतात. धार्मिक अर्थ तिथे उरलेला नाही, याची काहींना खंत वाटते. मला वाटत नाही. मुलाने उत्तर स्वतः शोधायचे असते आणि मुलगीही त्याच बाकावर बसलेली असते. पाठांतराचे ओझे मात्र तिथेही अधूनमधून परत येते, मार्गदर्शकातली तयार उत्तरे घोकली जातात, आणि यास्कांची तक्रार पुन्हा लागू पडते.