पहिली पाळी सुटायच्या आत

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत नवरा पहिल्या पाळीला गेला की बाईला दुपारपर्यंतचा वेळ आपला मिळतो. रात्रीच्या माराबद्दल कुणाशी बोलायचं तर तेवढ्यातच. पण पोलीस ठाण्यात जायचं तर मुलं कुणाकडे ठेवायची, रिक्षाला पैसे कुठले आणायचे, शेजारणीने पाहिलं तर काय सांगायचं? या घोळातच पाळी सुटते.

इंग्लंडमध्ये केंटच्या पोलिसांनी नेमक्या या वेळेचा विचार केला. मारणारा घरात नाही आणि जिवाला लगेच धोका नाही, अशा तक्रारीत त्यांनी बाईला थेट व्हिडिओ कॉल लावून पाहिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलवर पोलीस सरासरी ३ मिनिटांत भेटले. नेहमीच्या पद्धतीने घरी पोचायला ३२ तासांहून जास्त लागले. कॉलवर बोललेल्या बायका अधिक समाधानी होत्या, आणि त्या प्रकरणांत अटकही जास्त वेळा झाली.

मला यात वेगाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते बाईचं एकटीने बोलणं. आपल्याकडे तक्रार गेली की बहुतेकदा नवऱ्यालाही बोलावतात, दोघांना समोरासमोर बसवतात आणि ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणतात. त्याच्या शेजारी बसून ती काय सांगणार? संध्याकाळी जायचंय त्याच्याच घरी.

हे आपल्याकडे करायला कायद्याची अडचण उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते; ३ दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. मारहाण चालू असेल तेव्हा मात्र ११२ ची गाडीच दारात यायला हवी, तिथे पडद्यावरचा पोलीस कामाचा नाही.

खरी अडचण फोनची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. बाकीच्यांच्या घरचा फोन नवऱ्याच्या खिशात, आणि जिच्याकडे आहे तिचेही कॉल कोण तपासतं ते सांगायला नको. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रेंजचाच पत्ता नसतो.

म्हणून ही सोय नाशिकमध्ये आणायची तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणावी. औषधाला जाते म्हणून तिला तिथे जाता येतं, कुणी विचारत नाही. एक खोली, चालणारं नेट आणि पलीकडे ऐकून घ्यायला शिकलेली महिला पोलीस एवढं हवं. बोलणं झालं की त्याच दिवशी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे, तिला दुसऱ्यांदा घराबाहेर पडायला न लावता.