गाठीवरचं नाव

आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 20 मार्च 2014 रोजी लोकसभा निवडणुकीच्या प्रचारातली ‘चाय पे चर्चा’ झाली. शेतातल्या कापसापासून परदेशात विकल्या जाणाऱ्या कपड्यापर्यंत साखळी जोडायची, हा विचार तेव्हापासून या भागात वारंवार मांडला जातो. विचार चांगलाच आहे. खटकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष : कापूस आपला, मजुरी स्वस्त, एक गिरणी आली की जगाचा बाजार आपला. मिळालेला फायदा आणि कमावलेला फायदा यांतला फरकच इथे विसरला जातो. काळी जमीन आणि स्वस्त मजुरी मिळालेली असते. उद्या दुसरा कुणी त्याहून स्वस्त देतो. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865 या काळात, लिव्हरपूलच्या कापूस बाजाराला माल पुरेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्या तेजीत आपण काही घडवलं नव्हतं. हिंगणघाटच्या कापसाला मात्र त्याच्या नावाने ओळखणारं गिऱ्हाईक होतं, हे विदर्भाने अभिमानाने आठवावं.

ब्राझीलने कमावलं ते असंच. तिथे 2004 पासून कापसाच्या गाठीला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो, त्यावरून ती कुठून आली हे खरेदीदाराला कळतं. 2023-24 मध्ये कापूस निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेलाही मागे टाकलं. यावर उत्तर ठरलेलं : त्यांची शेतं हजारो एकरांची, आमची चार-पाच एकरांची. उत्पादकतेपुरतं ते खरं आहे आणि ती दरी मोठी आहे. पण विश्वासाचं काय? गावच्या डेअरीत दोन लिटर दुधाचंही फॅट मोजून पैसे देतात. तिथे उत्पादक लहान असणं आड येत नाही. शिवाय आपला कापूस हाताने वेचला जातो, म्हणजे यंत्राच्या वेचणीपेक्षा काडीकचरा कमी यायला हवा. तरी त्यात खताच्या पोत्यांचे प्लॅस्टिकचे धागे, सुतळी आणि केस सापडतात, आणि रंगवलेल्या कापडावर ते डाग होऊन उमटतात. कारण वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि जिनिंगमध्ये साफ-मळका कापूस बहुधा एकाच ढिगात पडतो. 2020 मध्ये जाहीर झालेला भारतीय कापसाचा ‘कस्तुरी’ हा शिक्का आवश्यकच, पण तो लागतो गाठीवर, वेचणीनंतर.

म्हणून गिरणीची मागणी मला आता दुसऱ्या क्रमांकाची वाटते. आधी साफ वेचणाऱ्या बाईला किलोमागे वेगळा दर, कापसासाठी सुती पिशव्या आणि जिनिंगमध्ये तो माल वेगळा ठेवायला जागा. हा खर्च शेतकऱ्याच्या माथी नको. त्या मालातून जास्त भाव मिळवणाऱ्या जिनिंगने आणि निर्यातदाराने तो उचलावा.