अंधांची साधने आणि किमतीचा उगम

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जात आहेत, आणि याच शहराच्या सातपूर भागातून, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचा कारभार चालतो. या दोन संस्थांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु अंधांना लागणारी साधने त्यांना महाग का पडतात, या प्रश्नाचे मूळ जो शोधू लागेल, त्याला हा संबंध फार निकटचा आहे असे दिसून येईल.

जुन्या मालिकेतील १०० रुपयांची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि ५०० रुपयांची १६७. हे १० मिलिमीटरांचे अंतर आणि १९९६ पासून नोटांवर उठावदार छापली जाणारी ओळखचिन्हे यांच्या आधारे सरावलेली बोटे आपला व्यवहार निभावून नेत. २०१६ नंतरच्या मालिकेत १००, २०० आणि ५०० रुपयांच्या नोटांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर झाली, रुंदी मात्र सर्वांची ६६ मिलिमीटरच ठेवली गेली. उठावदार खुणा याही नोटांवर आहेत, पण हाताळणीने त्या झिजतात. आणि बाजाराच्या गर्दीत, मळलेल्या, घडी पडलेल्या नोटेवर ४ मिलिमीटरांचा फरक बोटांनी निःशंकपणे ओळखावा, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची आहे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आणि १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने, कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे हे बोलून सांगणारे ‘मनी’ नावाचे अ‍ॅप विनामूल्य उपलब्ध करून दिले, जे प्रारंभी केवळ हिंदी आणि इंग्रजीत बोलत असे. हे अ‍ॅप उपयुक्त आहे यात शंका नाही. पण ते ज्या फोनवर चालायचे तो फोन विनामूल्य मिळत नाही. नोटेचा आकार ठरविताना, एक पैही अधिक न खर्चता, जी सोय करता आली असती, ती न झाल्यामुळे तिचे मोल आता प्रत्येक अंध नागरिकाने आपल्या खिशातून, कित्येक हजार रुपयांच्या यंत्राच्या रूपाने भरावे, असा याचा अर्थ होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, साधनाची किंमत दुकानात ठरत नाही. ती त्यापूर्वी कितीतरी आधी, कचेऱ्यांतून, कारखान्यांतून आणि कायदेमंडळांतून, अंध माणसाच्या अपरोक्ष घेतलेल्या निर्णयांनी ठरत आलेली असते. आणि म्हणूनच ती कमी करण्याची जबाबदारी दानशूरांच्या औदार्यावर सोडून देता येत नाही.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींचा इतिहास या विधानाला पुष्टी देतो. ‘जॉज’ ही अमेरिकन प्रणाली गुणवान खरी, पण अनेक वर्षे तिची किंमत १,००० डॉलरांच्या आसपास होती, म्हणजे ज्या संगणकावर ती चालवायची त्या संगणकाहून कित्येकदा अधिक. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य प्रणालीची रचना आरंभिली, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि तिची संहिता सर्वांना खुली असल्यामुळे देशोदेशीच्या लोकांनी तीत आपापल्या भाषांची भर घातली. तिच्यासोबत चालणारा ‘ईस्पीक’ हा विनामूल्य वाचक मराठीही वाचतो. मात्र त्याचा स्वर इतका यांत्रिक आहे की एखादा दीर्घ निबंध किंवा कादंबरी त्या स्वरात ऐकणे म्हणजे श्रवणशक्तीची कसोटीच होय. परक्या प्रणालीची किंमत शून्यावर आली तरी आपल्या भाषेचा चांगला आवाज आपणच घडवावा लागतो, आणि तो एकदा घडविला की लाखो लोकांना पुनःपुन्हा फुकट वाटता येतो. तेव्हा मराठीच्या नावाने खर्ची पडणाऱ्या सरकारी पैशाला याहून सत्कारणी लागण्याची दुसरी जागा सहसा सापडणार नाही.

हाताने घडवावयाच्या वस्तूंची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे प्रत्येक नगाला धातू आणि मजुरी लागतेच. परंतु तेथेही किमतीचा मोठा भाग मागणीच्या तुटकपणातून येतो. टिंबे वरखाली होऊन बोटाखाली ब्रेल उमटविणाऱ्या यंत्राला पूर्वी दर अक्षरामागे सुमारे १०० डॉलर पडत. अनेक देशांतील अंधसंस्थांनी एकत्र येऊन संशोधनाला भांडवल पुरविले आणि घाऊक मागणीची हमी दिली, तेव्हा २० अक्षरांचे ‘ऑर्बिट रीडर’ सुमारे ५०० डॉलरांत निघू शकले. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्मार्टकेन’ तयार झाली. पांढऱ्या काठीला छाती-डोक्याच्या उंचीवरील जो अडथळा कळत नाही, तो ध्वनिलहरींनी हेरून मुठीत कंपन उत्पन्न करणारे हे साधन २०१४ साली सुमारे ३,००० रुपयांत बाजारात आले. शिक्षणसंस्था, अंधसंस्था आणि कारखानदार यांनी आरंभापासून एकत्र बसून किमतीचा विचार केला, म्हणून हे घडले.

कराचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना ब्रेल लेखनयंत्रे आणि तत्सम साधने ५ टक्क्यांच्या वर्गात ठेवण्यात आली, आणि अपंगत्वावर कर बसविल्याचा आक्षेप देशभर उठला. सरकारचे उत्तर असे होते की, तयार वस्तूवरील कर शून्य केला तर कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा कारखानदाराला मिळत नाही, तो किमतीत मुरतो, आणि देशी माल परदेशी मालापुढे महाग ठरतो. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे. निर्यात मालाला शून्य कर आणि शिवाय परतावा, अशी दुहेरी सवलत याच कायद्याने दिलेली आहे. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी जी तरतूद शक्य होते, ती स्वदेशातील अंध विद्यार्थ्यासाठी अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सरकार साधने फुकट देतच आहे. १९८१ पासून केंद्र सरकारची साहाय्य योजना चालू आहे, कानपूरचा सरकारी कारखाना काठ्या आणि ब्रेल पाट्या बनवितो, शिबिरे भरतात. आणि ज्याच्या घरी पांढऱ्या काठीपुरतेही पैसे नाहीत त्याला फुकटच दिले पाहिजे, हे निर्विवाद आहे. तथापि सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरून सोबत्यासह निघालेल्या माणसाने दाखल्यासाठी एक खेप, उत्पन्नाच्या कागदासाठी दुसरी आणि शिबिरासाठी तिसरी घालायची, तर दोघांची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च हीच त्या फुकट वस्तूची किंमत होय. शिवाय फुकट वाटलेल्या वस्तूच्या दुरुस्तीला बहुधा कोणी वाली नसतो. बॅटरी संपली किंवा एखादी कळ बिघडली की ती कोपऱ्यात पडते, वाटपाच्या अहवालात मात्र ती यशाच्या खाती जमा राहते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना जे दिले आहे ते हक्काच्या भाषेत दिले आहे, आणि बंद पडलेले साधन हातात ठेवून हक्काची पूर्तता होत नाही.

नाशिकला या कामी काही करता येण्यासारखे आहे, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत बारीक, अचूक काम करणारे कारागीर आहेत. सातपुरातच अंधांची प्रातिनिधिक संस्था आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या सुमारास याच शहराचे सुपुत्र आणि एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरले, तेव्हा शहराच्या अडचणींवर तरुण तंत्रज्ञांना कामाला लावता येते, हेही सिद्ध झाले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्यशासनाचा दंडक आहे. महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी या निधीतून जिल्ह्यातील सर्व शाळांची मागणी एकत्र करून तीन वर्षांच्या खरेदीची हमी दिली, तालुक्याच्या गावी साधनांच्या दुरुस्तीची सोय केली, तीत अंध कारागिरांनाच शिकवून नेमले, आणि कोणतेही साधन मंजूर करण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांचे मत घेण्याचा नियम घातला, तर बहुतेक साधनांची खरी किंमत पुष्कळ उतरेल.

२०११ च्या जनगणनेने देशात ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित मोजले. त्यांच्यासाठी स्वस्त साधन मागणे म्हणजे कोणाकडे काही याचना करणे नव्हे. ज्या निर्णयांनी ते महाग झाले, त्या निर्णयांत त्यांना आरंभापासून स्थान द्या, एवढीच ही मागणी आहे, आणि ती मान्य करण्यास दयेपेक्षा व्यवस्थित हिशेबाचीच अधिक गरज आहे.