परतीच्या गाडीचा भरवसा

एका स्थानकावर उतरून शेतशिवारातून किंवा कालव्याच्या काठाने पुढच्या स्थानकापर्यंत चालत जावे आणि तिथून संध्याकाळच्या गाडीने घर गाठावे, ही फिरण्याची रीत इंग्लंडमध्ये रेल्वेच्या पाठोपाठ रुजली. वऱ्हाडात ती कधी रूढ झाली नाही. मात्र तिला लागणारी जवळजवळ सारी सामग्री परतवाड्याच्या परिसरात शंभर वर्षे हाताशी होती. अचलपूर ते मूर्तिजापूर ही सुमारे ७६ किलोमीटरची अरुंद मापाची लोहवाट, म्हणजे दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर असलेला मार्ग, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूरचे बनोसा, लाखपुरी अशी ठाणी घेत जात असे. त्यांतील बरीचशी एकमेकांपासून अशा अंतरावर होती की, सकाळी एका ठाण्यावर उतरलेल्या माणसाला दुसरे ठाणे उन्हे कलण्याआधी पायी गाठता यावे.

अर्थात ही सोय कोणी चालणाऱ्यांसाठी केलेली नव्हती. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाइन घातली, ती वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर आणून मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवण्यासाठी. आणि १९२१ साली मँचेस्टरमध्येच घडवलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत राहिले. लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून आपलीशी केलेली ही गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चाले, अचलपूरहून मूर्तिजापूरला पोचायला सुमारे चार तास घेई, आणि तिच्या खिडकीतून जे दिसे ते बैलगाडीतून दिसणाऱ्या मुलखाहून फार वेगळे नसे. देशाचे स्वातंत्र्य आणि रेल्वेचे राष्ट्रीयीकरण होऊनही ही लाइन खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, याचे कौतुक वर्तमानपत्रांनी वारंवार केले; तिच्यामुळे सामान्य माणसाच्या पायांना कोणता पल्ला मिळाला होता, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

वऱ्हाडाला चालण्याचे वावडे नाही, उलट या भूमीने चालण्याला धर्माची प्रतिष्ठा दिली आहे. महानुभाव पंथाच्या आचारात ‘अटन’, म्हणजे एका जागी न गुंतता सतत फिरत राहणे, हे साधकाचे कर्तव्यच मानलेले आहे. आणि चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या स्थळांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ म्हणजे एका अर्थाने मराठीतील पहिली पायी फिरणाऱ्याची वाटाड्या-पोथीच होय. पुढे याच मुलखात, अंजनगाव तालुक्यातील शेणगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले आणि १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवेपर्यंत पाय थांबू दिले नाहीत. पण अटनाला परतीची वाट नसते. घर सुटते तेव्हाच ते सुरू होते. यात्रेकरू घरी परततो खरा, पण त्याची वाट देवाच्या गावाने ठरवून दिलेली असते. या दोहोंहून वेगळे असे संसारी माणसाचे चालणे, ज्यात रात्रीची भाकर घरीच खायची आहे आणि तरीही आल्या वाटेने माघारी फिरायचे नाही, ते केवळ परतीच्या गाडीच्या भरवशावर शक्य होते. गाडी नसेल तर अर्धा दिवस जायचे आणि उरलेला अर्धा तेच पाहत यायचे, म्हणजे आवाका निम्म्यावर येतो. गाडी असेल तर तोच दिवस एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेऊन सोडतो.

या लाइनीच्या बाबतीत ‘दुसरा मुलूख’ हा शब्द अतिशयोक्त नाही. मूर्तिजापूर आणि दर्यापूरकडचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने विहीर खोदूनही ओलिताचा भरवसा नसतो आणि काळ्या जमिनीवर कापूस, तूर, हरभरा पावसाच्या किंवा जमिनीतील ओलीच्या आधाराने येतात. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावे तसे पाणी गोडे होते, अंजनगावाशी पानमळे आणि पानपिंपरी दिसू लागते, अचलपूर-परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा लागतात. नकाशावर हा फरक दोन रंगांनी दाखवता येतो, पण तो नेमका कोणत्या शिवारात सुरू होतो हे कळायला पायीच जावे लागते.

कालव्याची गोष्ट आणखी निराळी आहे. इंग्लंडचे जुने कालवे माल वाहून नेण्यासाठी खोदलेले, आणि नाव ओढणारा घोडा काठाने चालणार म्हणून त्यांच्या कडेची वाट मूळ आराखड्यातच होती. माल वाहतूक संपल्यावर ती वाट फिरणाऱ्यांच्या वाट्याला आली. वऱ्हाडातील सापन, शहानूर, चंद्रभागा या प्रकल्पांचे कालवे सिंचनाचे असून त्यांच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याच्या पाहणीसाठी असतो. असा कालवा समान उंचीची रेषा धरून किंचित उताराने वळत जातो, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला लाभक्षेत्र, म्हणजे त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन, तर वरच्या अंगाला बहुधा कोरडवाहू वावर, अशी दोन जगे एकाच बांधावरून पाहता येतात. पाणी कोणाला मिळाले आणि कोणाला थोडक्यात हुकले, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी वाट नसेल.

प्रश्न उरतो तो हक्काचा. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची नोंद करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि नोंदलेल्या वाटेने कोणीही, कारण न सांगता, जाऊ शकतो. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वाट मिळवून देते, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा तहसीलदार काढू शकतो. पण या तरतुदी ज्याचे वावर आहे त्याच्या गरजेसाठी आहेत. पांदणीने, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेने, कामाविना चालणाऱ्या परक्याला ‘कोणाकडं आलात?’ हे विचारले जाणारच, आणि त्यात अनुचित काही नाही. रुळांवरून चालणे तर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार अतिक्रमणच ठरते. तेव्हा वऱ्हाडात असे चालणे हक्कापेक्षा ओळखीवर आणि सौजन्यावर उभे राहील. त्यातही ते दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांचेच, कारण पावसाळ्यात काळी माती पाय उचलू देत नाही आणि उन्हाळ्याविषयी बोलायलाच नको.

शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे आणि ही लाइन मोठ्या मापाची करण्याची मागणी या भागात जोर धरून आहे. मागणी रास्तच आहे; कापूस, संत्रा आणि शिकायला जाणारी मुले यांना वेगवान गाडी हवी. मात्र वेगवान गाडी लहान ठाण्यांवर थांबायला नाखूश असते, आणि चालणाऱ्याचे गणित तर लहान ठाण्यांवरच बसते. तूर्त चालणाऱ्याला घरी परत आणण्याची जबाबदारी एसटीवर आहे: परतवाडा-अंजनगाव रस्त्यावरची बस पथ्रोटला थांबते, पण ती डांबरी रस्ता सोडत नसल्यामुळे शिवारातून कितीही आडवे गेले तरी चालण्याचा शेवट त्याच रस्त्यावर करावा लागतो.