ज्याचं मैदान, त्याची बॅटिंग

गल्ली क्रिकेटचा एक कायदा कुठे लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ असतो : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. या कायद्यावर चिडतच आपण मोठे झालो. पण त्यात एक न्यायही दडलेला होता. बॅटवाला रुसून घरी गेला की खेळ बंद पडायचा, आणि तो त्याचाही बंद पडायचा. त्यामुळे किती रुसायचं याचं भान त्याला ठेवावं लागायचं. 'ट्रायल बॉल होता' म्हणून तो एकदा वाचायचा. तिसऱ्यांदा कुणी ऐकून घ्यायचं नाही.

आता बॅटच्या जागी मैदान ठेवून पाहा.

तासावर भाड्याने मिळणारी टर्फ आपल्या शहरांत नवलाची राहिलेली नाहीत. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरामागचं टर्फ. बंगल्यामागे जागा असेल तर काम तसं सरळ आहे. वरची माती काढायची, खडी आणि कच टाकून धुम्मस करायची, पाणी निघून जाईल असा उतार द्यायचा. वर प्लास्टिकच्या गवताचे रोल अंथरून जोड चिकटवायचे, पात्यांमध्ये वाळू किंवा रबराचे दाणे भरायचे. भोवती पाइप उभे करून जाळी, वर एलईडी दिवे. चिखल नाही, ढेकळं नाहीत, बॉल शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जात नाही. जागा आपली, पैसे आपले. मग यात कुणाचं काय गेलं?

पटकन सुचणारं उत्तर पर्यावरणाचं. ते खरंही आहे. भर उन्हात हे गवत ६० अंश सेल्सियसच्या वर तापू शकतं. त्याखालच्या जमिनीत गांडुळांना फारसं काही उरत नाही. रबराच्या दाण्यांमुळे पसरणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकची काळजी एवढी वाढली, की युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून २०३१ पासून असे दाणे विकायला बंदी ठरवली. पण समजा, उद्या न तापणारं, मातीत विरघळणारं टर्फ निघालं. तरी माझ्या मनातला प्रश्न मिटत नाही. तो गवताचा नाहीच, जाळीच्या दाराचा आहे.

या गवताचा जन्म कशासाठी झाला ते पाहा. अमेरिकेत शहरातली मुलं तब्येतीने खेड्यातल्या मुलांच्या मागे पडतायत, कारण त्यांना खेळायला जागा नाही, ही काळजी तेव्हा बोलून दाखवली जात होती. फोर्ड फाउंडेशनने यात लक्ष घातलं, आणि मोन्सँटो कंपनीने तयार केलेलं 'केमग्रास' १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत अंथरलं गेलं. पुढे १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या बंदिस्त ॲस्ट्रोडोममध्ये खरं गवत जगेना, म्हणून तिथे ते आलं आणि त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. म्हणजे ज्या वस्तूच्या मुळाशी मैदान नसलेल्या मुलांची काळजी होती, ती आता ज्याच्याकडे आधीच अंगण आहे त्याच्या अंगणात पोचली आहे.

मैदान कुणाकडे आहे यावर खेळ कसा बदलतो, हे हॉकीने आपल्याला दाखवलं आहे. १९७५ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला, तो गवतावर. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. कारणं आणखीही असतील, पण ज्या देशांना अशी मैदानं भराभर बांधणं परवडलं त्यांचा सरावही तेवढा वाढला, हे उघड आहे. कुणी कुणावर बंदी घातली नव्हती. फक्त पायाखालची जमीन महाग झाली.

आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या एका पुस्तकात साधी गोष्ट मांडली. एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात : आवाज उठवायचा किंवा निघून जायचं. अडचण अशी, की दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असणारी माणसंच बरेचदा आधी निघून जातात. मागे आवाज उरतो, पण तो कमी ऐकू जातो. नळाला पाणी नाही तर टँकर, वीज नाही तर इन्व्हर्टर, शाळा बरी नाही तर खासगी शाळा. हीच रांग मैदानापर्यंत येते. वॉर्डातल्या मैदानावर गाड्या लागतात, लग्नाचे मांडव पडतात, तेव्हा ज्याचा फोन नगरसेवक उचलतो त्याची मुलं घरामागे खेळत असतात. त्याने कुणाचं काही घेतलेलं नाही. फक्त त्याची तक्रार त्या मैदानाला मिळायची बंद झाली आहे.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. सार्वजनिक मैदान सगळ्यांचं असतं, हे अर्धसत्य आहे. संध्याकाळी तिथे मुली किती दिसतात? कुणाच्या नजरा न झेलता एखादी मुलगी घरामागच्या टर्फवर मनसोक्त फुटबॉल खेळत असेल, तर तिला समतेचं व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. पण तिच्या मैत्रिणीचं काय, जिच्या घरामागे दुसऱ्याचं घर आहे? तिला बोलावणं आलं तर खेळ, नाही तर नाही. शिवाय तिथे आउटवरून भांडायचं तरी कसं? बॅटवाला रुसला तर स्वतः घरी जायचा. मैदानवाला रुसला तर बाकीच्यांना घरी जावं लागतं. आणि खेळाला खरी रंगत येते, ती बिनधास्त 'आउट!' ओरडता येतं तेव्हाच.

म्हणून माझं मत एवढंच : घरामागे टर्फ घालणं हे पाप नाही. पण 'आमचं आम्ही बघितलं' असं म्हणून तिथे हिशेब संपतही नाही. ज्याच्याकडे स्वतःचं मैदान आहे, त्याच्यावर गावातल्या मैदानाची जबाबदारी उलट थोडी जास्तच येते, कारण आता तो स्वतःसाठी काही मागत नसतो आणि त्याचं ऐकलंही जातं. टर्फचं कोटेशन मागवाल त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसात एक अर्जही द्या : अमुक मैदानावरच्या गाड्या कधी हटणार?