आडनावाचे ऋण

ग्रंथालयाच्या लेखकसूचीत काही आडनावांखाली पत्रिकांचा खणच्या खण भरलेला असतो. ‘जोशी’ हे त्यांपैकी एक. त्या एका शीर्षाखाली वाईत राहून ‘धर्मकोशा’चे संपादन करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) भेटतात, पाली भाषेचे अध्यापन करता करता चिमणरावाला जन्म देणारे चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) भेटतात. गोव्यातून येऊन ‘भारतीय संस्कृतिकोश’ सिद्ध करणारे महादेवशास्त्री जोशी भेटतात. सूची मराठीबाहेर नेली, तर गुजरातीतील उमाशंकर जोशी (१९११–१९८८) आणि हिंदीतील इलाचंद्र जोशी व मनोहर श्याम जोशी त्याच खणात येऊन बसतात. शरद जोशी तर दोन आहेत : एक उज्जैनला जन्मलेले हिंदी व्यंगकार (१९३१–१९९१), दुसरे साताऱ्याला जन्मलेले शेतकरी संघटनेचे संस्थापक (१९३५–२०१५). सूचीकार नावापुढे जन्मवर्ष घालून त्यांना वेगळे ठेवतो. वाचकाच्या मनात मात्र एक प्रश्न उरतो. एका आडनावाखाली आलेल्या या माणसांमध्ये नाते कोणते, आणि त्या नात्याचा अभिमान धरण्याचा अधिकार कोणाला व कितपत आहे?

यांना एकत्र बांधणारे रक्ताचे नाते शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. ‘जोशी’ हे ‘ज्योतिषी’ या शब्दाचे झिजलेले रूप. पंचांग पाहणे, मुहूर्त काढणे, ग्रहमान सांगणे हे काम जेथे जेथे चालले, तेथे तेथे ते करणाऱ्याच्या घराला हा शब्द चिकटला. महाराष्ट्रात, गुजरातेत, राजस्थानात, कुमाऊँच्या डोंगरात तो स्वतंत्रपणे रुजला. म्हणून गदगचे भीमसेन जोशी (१९२२–२०११) आणि अल्मोड्याचे पूरनचंद जोशी (१९०७–१९८०) यांच्यात, म्हणजे किराणा घराण्याचा एक थोर गायक आणि १९३५ ते १९४७ या काळातील कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस यांच्यात, कोणा विस्मृत पूर्वजाच्या व्यवसायापलीकडे काही समान असण्याचे कारण नाही. असे असूनही ‘आमच्यातले’ म्हणून अशा नावांची यादी म्हणून दाखवली जाते आणि ऐकणाऱ्यांच्या माना ताठ होतात.

या ताठ मानेमागचा विचार तपासून पाहिला पाहिजे. कर्माचे श्रेय कर्त्याला, हा नीतिविचारातील साधा नियम आहे. आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्यावे. कल्याणला १८६५ मध्ये यमुना या नावाने जन्मलेल्या या मुलीला जोशी हे आडनाव नवव्या वर्षी विवाहामुळे मिळाले. चौदाव्या वर्षी तिला झालेले मूल दहा दिवसांत गेले. ‘दैवात नव्हते’ असे म्हणून गप्प बसण्याची रीत असताना तिने वैद्यक शिकण्याचे मनात घेतले, सातासमुद्रापलीकडे जाऊन १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी ती मरण पावली. यातले श्रेय तिचे आहे. काही अंशी तिच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या गोपाळरावांचे आहे. जगातील यच्चयावत् जोशींचा त्यात वाटा कोणता?

किंबहुना या खणातील काही थोर माणसांचे कार्य आडनावाच्या मूळ अर्थाच्या उलट दिशेने गेलेले दिसते. ज्योतिषी माणसाचे सुखदुःख ग्रहांच्या पदरात टाकतो. नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनी ते कामाच्या तासांत आणि चाळीतल्या खोलीत शोधले. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग त्यांनी उभारली आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे पावसाचे वा प्रारब्धाचे फळ नसून शेतमालाच्या भावाच्या धोरणाचे फळ आहे, असे सांगत दुसऱ्या शरद जोशींनी १९८० च्या सुमारास चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभे केले. त्यांच्या मोठेपणाचे कारण आडनावात शोधणे म्हणजे त्यांनी जे नाकारले त्यालाच श्रेय देणे होय.

इथवर येऊन ‘आडनाव हा केवळ एक शब्द आहे, तो विसरावा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो उदारही वाटतो. परंतु त्यात एक सोयीस्कर विस्मरण दडलेले आहे. आपल्या समाजात आडनाव हे नुसते ओळखचिन्ह कधीच नव्हते. कोणते दार उघडेल आणि कोणते लागेल, हे पुष्कळदा त्यावर ठरे. ग्रामजोशीपण हे वतन होते. यजमानाने विधीला न बोलावताही आपल्या हक्काची दक्षिणा मागण्याचा दावा त्या वतनाच्या बळावर होत असे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ नंतर भटाविना लग्ने लावण्याचा पुरस्कार केला, तेव्हा हा हक्क कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. अखेर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा होऊन ही सक्तीची वसुली थांबली. ज्या घरांत हे हक्क होते त्या घरांत पाटी-पुस्तकही होते. आधुनिक विद्येची दारे उघडली तेव्हा तेथील मुलगे उंबरठ्याशी आधीच उभे होते. तेथील मुली नव्हत्या. आनंदीबाईंचे वेगळेपण त्यातच आहे.

आणि आणखीही काही जोशी आहेत. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत कुडमुडे, मेढंगी, सरोदे अशा नावांनी ओळखले जाणारे जोशी येतात. दारोदार फिरून भविष्य सांगणे हा त्यांच्या पोटाचा परंपरागत उद्योग. व्यवसाय तोच, शब्द तोच. पण एकाला गावात मान आणि हक्क मिळाला, दुसऱ्याच्या झोळीत पसाभर पीठ पडले. मराठी भाषेने तर त्यांच्या नावाची शिवीच करून टाकली. ज्याच्या ज्ञानावर विश्वास नाही तो ‘कुडमुड्या ज्योतिषी’, असे आपण सहज बोलून जातो. ‘आमच्यातले’ म्हणून काढलेल्या याद्यांत हे जोशी नसतात. आडनावाचा अभिमान सर्वांना कवेत घेणारा नसून निवडक असतो, हे येथे उघडे पडते.

मग आजच्या माणसाने काय करावे? पूर्वजांच्या अन्यायाचा तो अपराधी नाही. न केलेल्या कर्माचा दोष त्याच्या माथी मारणे हा नवा अन्याय ठरेल. पण दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या स्मृतिकारांनी ऋणादानाच्या प्रकरणात हा भेद नेमका ओळखला होता : जो मृताचे धन घेतो, त्याने त्याचे ऋणही फेडावे, असा त्यांचा दंडक आहे. कर्ज वारसाने काढलेले नसते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही शेत घ्यायचे आणि शेतावरचे कर्ज नाकारायचे, ही मुभा त्यांनी दिली नाही. आडनावालाही हाच न्याय लावला पाहिजे. ज्याला थोरांच्या नावाने मान ताठ करायची आहे, त्याने त्याच नावाने इतरांना बसलेल्या तोट्याचा हिशेबही स्वीकारावा. ज्याला तोटा नको, त्याने लाभही सोडावा. मात्र जन्माने आधीच पदरात पडलेला लाभ नुसत्या शब्दाने सुटत नाही. जात विसरल्याचे सांगणे ज्याला परवडते, त्याला बहुधा जातीनेच ते परवडण्याजोगे केलेले असते.

हे ऋण फेडण्याचे मार्ग अनेक आहेत. वेदशास्त्रसंपन्न परंपरेत घडलेल्या लक्ष्मणशास्त्र्यांनी उतारवयात ‘ज्योतिचरित्र’ लिहिले. ज्या फुल्यांनी पुरोहितशाहीवर आयुष्यभर प्रहार केले, त्यांचे जीवन व विचार समजावून देण्याचे काम एका शास्त्र्याने आपले मानले. त्यांनी ते ऋण म्हणून केले असे म्हणण्याची गरज नाही. सत्यशोधनाच्या ओढीने केले असेल, तर त्याचे मोल अधिकच आहे. परंतु आडनावाशी प्रामाणिक नाते कसे असू शकते, हे त्यातून दिसते. आपल्या नावाखाली जमा झालेली विद्या आपल्याच नावाविरुद्धची फिर्याद नीट ऐकण्यासाठी वापरणे, हे ते नाते. मोठ्या आडनावाच्या माणसाला तेवढे जमले, तर त्याला थोरांची यादी म्हणून दाखवण्याची गरज उरणार नाही, आणि झोळी घेऊन दारी आलेल्या जोश्याला ‘आमच्यातला’ म्हणताना त्याची जीभ अडखळणार नाही.